घर पैसेवाल्याचे होते म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला २०२५ साली लागलेल्या आगीला ७ जानेवारीला वर्ष झाले. त्या निमित्ताने आपण अर्धे पान छायाचित्रे छापलीत. पुढच्याच आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाचे पत्र आले. ज्यांची चार-चार घरे आहेत त्यांचे एक जळाले तर आपण कशाला हळहळायचे, आणि आपल्याकडे झोपड्या जळतात तेव्हा कोण रडते, असे दोन प्रश्न त्यात होते. पत्र मी दोनदा वाचले. दुसरा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल मात्र बोलायचे आहे, आणि जरा सविस्तर. जागा कमी असेल तर कात्री लावा, पण मधली बागायतदाराची हकीकत तेवढी ठेवा.

मी ३१ वर्षे तलाठी होतो, लांजा आणि राजापूर तालुक्यांत. पुरात गेलेली भातशेती, वादळात उडालेली छपरे, वीज पडून मेलेली गुरे, जळालेली घरे, किती पंचनामे केले याची मोजदाद नाही. त्यांत घराच्या आगीचा पंचनामा सगळ्यांत अवघड. पुरानंतर भिंत तरी उभी असते, चिखलात हात घातला तर तांब्या सापडतो. आगीनंतर माणूस आपल्याच जोत्यावर उभा राहून 'हे माजघर, ही देवाची खोली' असे बोटाने दाखवतो आणि त्याच्या बोटाकडे बघून आपण लिहून घ्यायचे. समोर फुटलेली कौले, वाशांचा कोळसा आणि वाकडीतिकडी झालेली भांडी. मदतीचे नियम महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ मध्ये आहेत. घर पक्के की कच्चे, पूर्ण गेले की अंशतः, कपड्यांचे किती, भांड्यांचे किती, असे त्याचे रकाने. ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिच्यापुढे आम्ही 'निरंक' लिहायचो.

गेल्या वर्षी ती आग लागली तेव्हा मी तिथेच होतो. लेक आणि जावई पॅसाडिनाच्या ईशान्य भागात राहतात. नातीसाठी म्हणून आम्ही दोघे दिवाळीनंतर गेलो होतो.

आमच्याकडे थंडीत पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई सुटते. अंगावर शाल घ्यावी एवढाच तिचा जोर. तिथल्या सांता आना वाऱ्याची दिशा तीच, जमिनीकडून समुद्राकडे, पण तो वाळवंटावरून येतो आणि घाटातून उतरताना तापत, वाळत, वेग घेत येतो. त्या दिवशी डोंगरमाथ्यांवर त्याचे झोत ताशी १३० किलोमीटरच्या वर गेले होते. आधीचे दोन हिवाळे तिथे भरपूर पाऊस झाला होता, त्यामुळे डोंगर झुडपांनी माजलेले. आणि मे २०२४ पासून शहरात पडलेला एकूण पाऊस जेमतेम ४ मिलिमीटर. आंब्याच्या बागेत गवत न कापता मार्च उजाडला तर काय होते हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही कळते. तिथे अख्खा डोंगरच तसा उभा होता.

सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्राकडच्या पॅसिफिक पॅलिसेड्सला आग लागली. आम्ही ती टीव्हीवर बघत होतो, दुसऱ्या गावची आग बघावी तशी. संध्याकाळी सहानंतर आमच्या मागच्या ईटन कॅन्यन या दरीतून धूर उठला. तासाभरात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. निघा. लेक म्हणाली, "बाबा, काय घेऊ?" ३१ वर्षे लोकांच्या जळलेल्या वस्तूंच्या याद्या केल्या, आणि त्या क्षणी मला एकही वस्तू सुचेना. पासपोर्ट, बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या, देव्हाऱ्यातले पितळी देव आणि नातीची शाळेची पिशवी एवढे घेऊन निघालो. आमच्याकडचा वणवा रात्री लांबून डोंगराला माळ घातल्यासारखा दिसतो. इथे माळ नव्हती. ठिणग्या आडव्या उडत होत्या, पाऊस आडवा पडतो तशा. अशा वाऱ्यात बरीचशी घरे समोरून आलेल्या ज्वाळेने पेटत नाहीत. मैलभर मागून उडून आलेला निखारा छपराखालच्या झरोक्यातून आत शिरतो आणि घर आतून पेट घेते. त्या रात्री वाऱ्यामुळे पाणी टाकणारी विमाने आणि हेलिकॉप्टरेही काही काळ उतरवावी लागली.

रात्र आम्ही अर्व्हाइनला जावयाच्या स्नेह्यांकडे काढली. त्यांनी पिठलं-भात करून ठेवला होता, कोणाच्या घशाखाली उतरला नाही. पहाटे कधीतरी मी फोन उघडला. आमचा निवृत्त महसूल कर्मचाऱ्यांचा एक गट आहे, भली माणसे आहेत सगळी, माझ्या बापाच्या आजारपणात रात्र-रात्र बसलेली. त्यावर मजकुरांची रीघ लागलेली. 'हॉलिवूडची मस्ती उतरली.' 'लक्ष्मी उतू चालली होती, अग्नीने हिशेब केला.' 'विमा असेल, नवीन बांधतील, तुम्ही झोपा.' हॉलिवूडची ती डोंगरावरची पांढरी अक्षरे ज्वाळांत वेढल्याचे चित्र तर सहा जणांनी पाठवले होते. ते संगणकाने बनवलेले चित्र होते, अक्षरांना आगीची झळही लागली नव्हती. मी लिहिले, 'आम्ही घर सोडून आलो आहोत, आग मागे आहे.' मग सगळ्यांचे फोन आले, काळजीने आले. एकाने तर पैसे पाठवू का विचारले. रात्री हसणारी आणि सकाळी पैसे विचारणारी माणसे तीच. म्हणून हे पत्र कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. ओळखीचा माणूस त्या धुरात आहे हे कळले की आपले हसू थांबते. न ओळखीच्या माणसासाठी ते का थांबत नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

आता ज्यांच्यावर हसू झाले ते नट-नट्या घेऊ. बिली क्रिस्टल हा विनोदी नट, ऑस्करच्या सोहळ्याचे सूत्रसंचालन त्याने नऊ वेळा केले. पॅलिसेड्समधले त्याचे घर गेले. त्या घरात तो आणि त्याची बायको जॅनिस १९७९ पासून राहत होते. मुले तिथे वाढली, नातवंडे तिथे वाढली. त्यांनी जे निवेदन काढले त्यात शेजाऱ्यांची घरे-दुकाने गेल्याची व्यथाही होती आणि आपल्या घराचा कोपरा न् कोपरा प्रेमाने भरलेला होता असे साधे वाक्य होते. त्याखाली लोकांनी काय काय लिहिले ते मी इथे उतरवत नाही. महिनाअखेरीस, ३० जानेवारीला, आगग्रस्तांच्या निधीसाठी मोठी मैफल झाली. तिथे हा माणूस घर सोडताना अंगावर होते तेच कपडे घालून रंगमंचावर आला. शेहेचाळीस वर्षे एका घरात! आपल्याकडे तरी किती जण राहतात आता? त्याच्याकडे दुसरे घर घ्यायला पैसे आहेत, हे खरे. तो पंचनाम्यातला किमतीचा रकाना झाला. १९७९ हा रकाना पैशाने भरत नाही.

हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातल्या पॅरिस हिल्टनने आपले मालिबूचे घर जळताना टीव्हीवर थेट पाहिले. त्या घरात तिचा मुलगा पहिली पावले टाकत चालला होता असे तिने लिहिले. तिच्यावर तर लोक तुटूनच पडले, कारण वडिलोपार्जित श्रीमंती. तिने त्याच आठवड्यात स्वतःचे एक लाख डॉलर घालून निराधार कुटुंबांसाठी निधी सुरू केला, ते मात्र फारसे कोणी पुढे पाठवले नाही.

मॅन्डी मूर ही गायिका-अभिनेत्री अल्टाडिनात राहायची, म्हणजे आमच्याच बाजूला. तिच्या घराचा मुख्य भाग वाचला, पण नवऱ्याचा संगीताचा स्टुडिओ वाद्यांसकट गेला. तिच्या दिराचे घर पूर्ण जळाले आणि जाऊ गरोदर. तिने त्या दोघांसाठी मदतीचे आवाहन पुढे पाठवले. लगेच, तूच का देत नाहीस, तुला काय कमी? तिला सांगावे लागले की मी देतेच आहे आणि तुमच्यावर कोणी सक्ती केलेली नाही. मला इथे आपली पद्धत आठवली. आमच्या वाडीत कोणाचे घर जळाले की पहिल्या दिवशी भावकी तांदूळ आणते, पण म्हणून वाडी मागे राहत नाही. भावाकडे आहे ना, मग आम्ही कशाला, असे जोत्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. फोनवर म्हणतात, कारण तिथे समोर तोंड नसते.

सगळ्यांत अवघड उदाहरण जेम्स वुड्स या नटाचे. ८ जानेवारीला तो सीएनएनवर बोलता बोलता रडला. बायकोची आठ वर्षांची भाची तुमचे घर पुन्हा बांधायला घ्या म्हणून आपला गल्ला घेऊन आली, हे सांगताना त्याला आवरले नाही. लोकांनी लगेच गाझाच्या युद्धाबद्दल त्याने लिहिलेली निर्दय वाक्ये शोधून काढली आणि तुला आता कळले का म्हणून विचारले. मला ती वाक्ये वाचून घृणाच वाटली. हा प्रश्न विचारणारे लोक मला खोटे वाटत नाहीत, त्यांच्या मनात दुसरी जळालेली घरे होती, ज्यांच्यासाठी कोणी कॅमेरा लावला नाही. तरीही त्या आठ वर्षांच्या मुलीचा गल्ला माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याच्या वाक्यांचा जाब त्याला जरूर विचारावा, उद्याही विचारावा. घर जळत असताना विचारला की तो जाब राहत नाही, सूड होतो. त्याचे घर पुढे शाबूत सापडले, तेव्हा तर कित्येकांची निराशाच झाली. एखाद्याचे घर वाचले म्हणून आपण हिरमुसावे, हे कसे झाले आपले?

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला २७ वर्षे लागली आहेत.

१९९८ चा मार्च. माझ्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांतल्या, एका गावात एक मोठा बागायतदार होता. पाचशेच्या वर हापूसची कलमे, चौसोपी घर, पुढे मांगर. माणूस कडक. मजुरी वेळेवर द्यायचा नाही, बांध सरकवायचा. एका फेरफार नोंदीवरून त्याने माझ्याविरुद्ध वर तक्रार केली होती आणि सहा महिने मी खुलासे लिहीत बसलो होतो. त्या दिवशी दुपारी अकराच्या सुमारास खालच्या सड्यावरून वणवा चढत आला आणि त्याच्या मांगराला लागला. मांगरात पेंढा आणि लाकडी खोके. मी शेजारच्या वाडीत चहा घेत होतो. पोरगा धावत सांगायला आला. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, "जळूं दे, त्येला काय कमी हाय." मी काही बोललो नाही. मी चहा संपवला. कप खाली ठेवून मी उठलो ते पुष्कळ वेळाने. गाव निघाले तेही रमतगमत. ओले गोणपाट, टहाळे, कळशा, सगळे होते, फक्त पाय उचलत नव्हते.

कोकणात मार्चमध्ये दुपारी खारा वारा सुटतो हे मी काय आपल्याला सांगू. साडेबाराला तो फिरला. मांगरातून घराला, आणि घराच्या मागून वर, जिथे त्याच्याच बागेत राबणाऱ्या मजुरांच्या गवती छपराच्या तीन झोपड्या होत्या. त्या किती वेळात गेल्या? विडी ओढून व्हायच्या आत. माणसे कामावर होती म्हणून जीव वाचले. तालुक्याहून बंब आला तेव्हा विझवायला काही उरले नव्हते.

पंचनामा मीच केला. झोपडीतली एक बाई रेशनकार्डासाठी रडत होती. भांडी नाही, लुगडी नाही, कार्ड. ते नसेल तर उद्यापासून तांदूळ बंद. तिचे काम मी सगळ्यांत आधी केले आणि ते बरोबरच होते. मग घराशी गेलो. बागायतदार जोत्यावर बसला होता. नोटा जळाल्या असतील, दागिने गेले असतील, मी विचारत होतो आणि तो नुसता मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "भाऊसाहेब, कलमांची वही गेली." त्याच्या वडिलांनी लिहिलेली वही. कोणते कलम कोणत्या साली लावले, काडी कोणाकडून आणली, पहिला मोहोर कधी आला, कोणत्या पावसात कोणते मेले. मी म्हटले, याला रकाना नाही. तो म्हणाला, "लिहा तरी." मी 'इतर' या सदरात लिहिले, 'हस्तलिखित वही १, किंमत निरंक'. त्याने ती ओळ बोट फिरवत वाचली आणि खाली सही केली. मला तो माणूस पुढेही आवडला नाही. पण त्या ओळीवरून फिरणारे त्याचे बोट मी आजपर्यंत विसरलो नाही, आणि माझा तो चहाचा कपही नाही. आम्ही वेळेवर गेलो असतो तर मांगर गेलाच असता, कदाचित घरही. पण त्या तीन झोपड्या राहिल्या असत्या. पैसेवाल्याची आग म्हणून आम्ही जी बघत बसलो ती पैसेवाल्याची राहिली नाही.

अल्टाडिनाबद्दल मला हेच म्हणायचे आहे. आपल्या छायाचित्रांखाली आठ नट-नट्यांची नावे होती. अल्टाडिना हा शब्द अर्ध्या पानात एकदाही नव्हता. ४० हजारांहून जास्त वस्तीचे हे गाव. लॉस एंजेलिसच्या पुष्कळ वस्त्यांत कृष्णवर्णीयांना एके काळी घर घेऊच देत नसत, बँका कर्ज देत नसत. १९६० नंतर ज्या थोड्या ठिकाणी त्यांना हक्काचे घर घेता आले त्यांतले हे एक. शिक्षक, टपाल कर्मचारी, परिचारिका यांनी पै-पै करून घेतलेली आणि आता तिसऱ्या पिढीकडे आलेली घरे. कर्ज फिटलेले, म्हणून कित्येकांनी विमाही ठेवला नव्हता, किंवा कंपन्यांनी तो काढून घेतला होता आणि कायद्याने शेवटचा आधार म्हणून उभी केलेली 'फेअर प्लॅन' नावाची तुटपुंजी योजनाच काय ती उरली होती. पॅलिसेड्सच्या आगीत ६,८०० च्या वर बांधकामे गेली, ईटनच्या आगीत ९,४०० च्या वर. मृत ३१. त्यांतले १९ आमच्या बाजूचे, आणि ते जवळजवळ सगळे अल्टाडिनातल्या लेक ॲव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेचे. पूर्वेच्या लोकांना संध्याकाळीच निघायचा आदेश मिळाला होता. पश्चिमेला तो पोचला पहाटे साडेतीनच्या सुमारास, आग येऊन पोचल्यावर. मेलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसे, काही अंथरुणाला खिळलेली.

आणि पॅलिसेड्स तरी सगळे करोडपतींचे होते का? समुद्रालगत तिथे फिरत्या घरांच्या दोन वसाहती होत्या, पॅलिसेड्स बोल आणि ताहिशियन टेरेस. जमीन भाड्याची, वर पत्र्या-फळीचे घर स्वतःचे, राहणारे पुष्कळसे निवृत्तिवेतनावरचे. दोन्ही साफ झाल्या. बंगल्यांत काम करणाऱ्या मोलकरणी, माळी, मुले सांभाळणाऱ्या बायका यांचे घर जळाले नसेल, पण ८ तारखेला त्यांच्या कामाचा पत्ताच राहिला नव्हता. 'हॉलिवूड जळतेय' असे आपण एकदा म्हटले की या सगळ्यांवर पडदा पडतो. मदत मागायला गेलेल्या म्हातारीलाही मग ऐकून घ्यावे लागते की तिकडे सगळे श्रीमंतच आहेत ना!

नातीच्या वर्गशिक्षिकेचे घर अल्टाडिनात होते. तेही गेले. दहा दिवसांनी आम्ही सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कपडे द्यायला गेलो, तिथे मदतीचे मोठे केंद्र उघडले होते. या बाई तिथे भेटल्या. स्वतः चपलांचे जोड शोधत होत्या आणि तरी नातीला बघून तिचे दप्तर वाचले का विचारत होत्या. लेकीने माझी ओळख करून दिली, बाबांचे काम जळालेल्या घरांच्या याद्या करायचे होते असे सांगितले. बाईंनी माझा हात धरून विचारले की यादी कुठून सुरू करायची असते. विम्याच्या कागदांसाठी त्यांना ती करायचीच होती. मी सांगितले, दारापासून सुरू करा आणि उजवा हात भिंतीला लावून मनात चालत जा. आम्ही असेच लिहून घेतो. त्यांनी डोळे मिटले आणि तिथेच, त्या गर्दीत, चालायला लागल्यासारखा हात पुढे केला.

देवाचा कोप झाला असे म्हणणारेही पुष्कळ भेटले, तिथे आणि इथेही. ५ जानेवारीला तिथे एका पुरस्कार सोहळ्यात देवाच्या नावावरून काही थट्टा झाली होती म्हणून दोन दिवसांत आग आली, असा हिशेब. त्यांना एवढेच सांगतो की त्या आगीत पॅसाडिनाचे ज्यू मंदिर जळाले, अल्टाडिनाची मशीद जळाली आणि चर्चही जळाले. आग कशी लागली याचा तपास माणसेच करत आहेत. पॅलिसेड्सच्या आगीबद्दल ऑक्टोबरमध्ये एकाला अटक झाली. १ जानेवारीला लागलेली छोटी आग विझवली, पण ती जमिनीखाली मुळांमध्ये धुमसत राहिली आणि सहा दिवसांनी वाऱ्याने वर काढली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे आहे. आमचे जुने वनरक्षक वणवा विझल्यावरही तीन दिवस बुंधे हाताने चाचपून बघायचे ते याचसाठी. ईटनच्या आगीत विजेच्या वाहिन्यांवर संशय आहे आणि दावे चालू आहेत.

श्रीमंतांबद्दलचा राग उगाच येत नाही, हे मीही जाणतो. २०२२ च्या दुष्काळात याच भागातल्या काही नामवंतांना ठरवून दिलेल्यापेक्षा अतोनात पाणी वापरल्याबद्दल नोटिसा गेल्या होत्या. आग चालू असताना एका गुंतवणूकदाराने माझे घर वाचवायला खासगी अग्निशामक द्या, हवे ते पैसे देतो, अशी जाहीर मागणी केली. त्याच वेळी पॅलिसेड्सच्या वरच्या गल्ल्यांत जवानांच्या नळाला पाणी नव्हते आणि ४४ कोटी लिटरचा सांता येनेझ जलाशय दुरुस्तीसाठी महिनोन्महिने रिकामा पडलेला. हे वाचून ज्याला राग येणार नाही तो माणूसच नव्हे. त्या रागाने पाण्याचा, विम्याचा, उशिरा आलेल्या आदेशाचा जाब विचारा. शेहेचाळीस वर्षांच्या घराच्या राखेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला हसून तो जलाशय भरत नाही.

आपल्याला हळहळता येत नाही असेही नाही. १६ सप्टेंबर २०१७ ला चेंबूरचा आर. के. स्टुडिओ जळाला, जुन्या चित्रपटांचे पोशाख गेले, तेव्हा आमच्या लांज्याच्या एसटी स्टँडवर माणसे हळहळली. कपूर गरीब होते म्हणून नव्हे. त्या कपड्यांत आपलेही काही होते. त्याच स्टँडवर आठवड्यापूर्वी या जुन्या आगीचा विषय निघाला तेव्हा आपल्या अंकातले ते पत्र एकाने मोठ्याने वाचून दाखवले आणि सगळे हसले. मी तिथे होतो. या वेळी मी गप्प बसलो नाही, वही काढून तिथेच या पत्राचा मजकूर लिहायला घेतला.

नातीच्या बाईंनी परवा लेकीकडे निरोप दिला की यादी पूर्ण झाली, ६१ पाने झाली, आणि घराचा नकाशा मंजुरीला गेला आहे.

आपल्याला एकच विनंती. ती छायाचित्रे पुन्हा छापण्याची वेळ आली तर नट-नट्यांची नावे राहू द्या, ती माणसेच आहेत. पण खालच्या ओळीत अल्टाडिनाचेही नाव घाला. आणि शक्य झाले तर याच महिन्यात एक चौकट आमच्याकडच्या वणव्यांसाठी द्या. बागेभोवतीचे गवत कापून जाळरेषा काढायची वेळ आताच आहे, फेब्रुवारी उजाडला की उशीर होतो.

आपला,
एक निवृत्त तलाठी
लांजा, जि. रत्नागिरी